नऊ मीटरची अट उठवली तर कामगारांना खोल्या मिळतील का?

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ग्रामपंचायत सदस्यांनी प्रश्न विचारलाय. गावात हॉटेलांत काम करणारी मुलं, बोटींवरचे खलाशी, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, बदली होऊन आलेले शिक्षक यांना भाड्याने खोली मिळेनाशी झालीय. पुढच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे की नऊ मीटर उंचीची आणि दोन मजल्यांची अट शासनाने काढून टाकावी आणि चार मजल्यांना परवानगी द्यावी. अमेरिकेत सॅन डिएगोनेही किनाऱ्यावरची अशीच अट उठवायचं ठरवलं, मग आपण का नाही, असं त्यांनी लिहिलंय. ठरावाला पाठिंबा द्यावा का?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर बांधकाम परवानग्या आणि गावांचे आराखडे हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आहे त्या शब्दांत ठराव आला तर मी पाठिंबा देणार नाही. पण ठराव ज्या अडचणीतून आलाय ती अगदी खरी आहे आणि ती ग्रामसभेत मांडली गेलीच पाहिजे. सध्या ही माणसं कुठे राहतात ते पाहा. हॉटेलच्या टेरेसवर पत्र्याची दहा बाय बाराची शेड, तिच्यात पाच-सहा मुलं, एकाच प्लगवर सगळ्यांचे मोबाईल आणि पंखा, दाराशी गॅसची शेगडी. खलाशी जाळी ठेवायच्या खोपीत झोपतात, बागेत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं मांगरात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आपल्या जिल्ह्यात किती पत्रे उडाले ते तुम्ही पाहिलंय. त्या पत्र्यांखाली माणसं झोपतात, ही गोष्ट आपण फार सहज घेतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गावात पुरेशा खोल्या बांधता येतात की नाही, हा एक. बांधलेल्या खोल्या महिन्याच्या भाड्याने कामगाराला मिळतात की नाही, हा दुसरा. उंचीची अट फार तर पहिल्याला लागू पडते, आणि तीही मला वाटतं तुमच्या गावात फारशी नाही.

आधी कायद्याचं. ही अट ग्रामपंचायतीची नाही, जिल्हाधिकाऱ्यांची नाही, राज्य सरकारचीही नाही. पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खाली केंद्राने काढलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेतली आहे. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. तिथे भरती रेषेपासून ठरावीक पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०११ च्या अधिसूचनेत तो सरसकट २०० मीटर होता. २०१९ मध्ये, जिथे लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे तिथे तो ५० मीटरवर आणला आणि बाकी ठिकाणी २०० मीटरच ठेवला. आपल्या विखुरलेल्या वाड्यांच्या गावांना एवढी घनता गाठणं कठीण. त्या पट्ट्याच्या मागे, भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत, घर बांधता येतं, पण तेही मच्छीमार वस्त्या, गावठाणं अशा पारंपरिक हक्कांच्या चौकटीत, आणि एकूण उंची नऊ मीटर, तळमजला अधिक एक मजला एवढंच. म्हणजे मीटर वाचवून तिसरा मजला बसवला तरी तो चालत नाही, मजल्यांची संख्याही ठरवून दिलेली आहे.

ग्रामसभेने ठराव केला म्हणून हे बदलत नाही. आणि ठरावाच्या भरवशावर कुणी चार मजले उचलले तर काय होतं, ते केरळात मरडूला झालंय. तिथल्या उंच इमारतींना तेव्हाच्या ग्रामपंचायतीने २००६ मध्ये परवानग्या दिल्या होत्या. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीआरझेडचा भंग म्हणून त्या पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी त्या स्फोटकं लावून पाडल्या. फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई म्हणून प्रत्येकी २५ लाख द्यायला लावले, पण घरं गेली ती गेलीच. पंचायतीचा शिक्का तिथे कुणालाही वाचवू शकला नाही.

सॅन डिएगोचं म्हणाल तर तिथली ३० फुटांची मर्यादा १९७२ मध्ये शहराच्या मतदारांनीच मतदानाने घातली. ३० फूट म्हणजे जवळपास आपलेच नऊ मीटर. ती मिडवे नावाच्या भागापुरती उठवायला २०२० आणि २०२२ मध्ये पुन्हा मतदारांनाच विचारलं, दोन्ही वेळा कौल बाजूने लागला आणि पर्यावरणीय अभ्यास पुरेसा नाही म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. पण मिडवे म्हणजे मोठे रस्ते, गटारयोजना, नळाचं पाणी असलेला शहराचा सपाट व्यापारी भाग. तिथे उंचीच खरोखर आडवी येत होती. तुमच्या गावात काय आडवं येतं ते हिशेबाने पाहू.

पाच गुंठ्यांचा प्लॉट घ्या, साधारण ५०० चौरस मीटर. समजायला सोपं म्हणून एफएसआय १ धरू, म्हणजे सगळे मजले मिळून ५०० चौरस मीटर बांधकाम. दोन मजल्यांत वाटलं तर खाली २५०, वर २५०. निम्मा प्लॉट झाकला जातो, चारी बाजूंनी सामासिक अंतर सुटतं, दोन माड आणि विहीरही राहते. आता तिसरा आणि चौथा मजला दिला, तर काय वाढलं? काहीच नाही. तेच ५०० चौरस मीटर चार मजल्यांत १२५-१२५ असे उभे राहतील. अंगण मोठं होईल, खोल्या तेवढ्याच राहतील. उंचीमुळे खोल्या वाढायच्या असतील तर एफएसआयही वाढवावा लागेल, आणि तुमच्या ठरावात त्याचा उल्लेखच नाही.

हॉटेलांच्या बाबतीत हे आणखी उघड आहे. सीआरझेड-३ मध्ये रिसॉर्टला किमान ०.४ हेक्टर जागा लागते आणि सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम प्लॉटच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. चार हजार चौरस मीटरच्या जागेवर तेराशेच्या आसपास. दोन मजल्यांत केलं तर जमिनीवर साडेसहाशे, म्हणजे जागेचा सहावा हिस्सा. उंची तिथे कुणालाच अडवत नाही. तरीही कामगारांसाठी खोल्या नसतात, कारण मिळालेल्या तेराशेतला प्रत्येक चौरस मीटर पाहुण्यांच्या खोलीला दिला जातो.

मग एफएसआयही दुप्पट मागू, असं कुणीतरी म्हणेल. तिथे पाणी आणि शोषखड्डा आडवा येतो. वरच्या ५०० चौरस मीटरमधून जिने आणि पॅसेज वगळले तर २५ चौरस मीटरच्या सोळा खोल्या बसतात, संडास-बाथरूम आणि ओट्यासह. खोलीत दोन-तीन माणसं धरली तर चाळीस माणसं. शहरी मापाने माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ५,४०० लिटर पाणी लागणार आणि त्यातलं बहुतेक पुन्हा जमिनीतच जाणार. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. वीस बाय पंचवीस मीटरच्या प्लॉटवर तुमची विहीर एका कोपऱ्यात, शेजाऱ्याची कुंपणाला लागून, मागच्या घराची आणखी एक. प्लॉटवर काठी घेऊन अठरा मीटर मोजत गेलात की खड्ड्याला जागाच सापडत नाही. किनाऱ्याच्या वाळूत पाणी भराभर झिरपतं, आणि एका बाजूला खाडी दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या गावात गोड्या पाण्याचा थर आधीच पातळ. उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं. माणसं दुप्पट केली तर मेमध्ये टँकर आणि पावसात भरलेले शोषखड्डे, हे मी एकाहून जास्त गावांत पाहिलंय. सांडपाण्याची सामाईक व्यवस्था असलेलं गाव असेल तर माझं हे म्हणणं बदलेल. आपल्या पट्ट्यात अशी गावं मला तरी माहीत नाहीत.

खर्चाचंही पाहा. चिऱ्याचं दोन मजली घर आपले गवंडी डोळे मिटून बांधतात. वाळूवर चार मजले म्हटले की राफ्टचा किंवा पाइलचा पाया, पूर्ण आरसीसी चौकट, पाण्याच्या मोठ्या टाक्या, बहुतेक वेळा लिफ्ट. चौरस फुटाचा दर चढतो आणि तो शेवटी भाड्यातच उतरतो. स्वस्त भाड्याची खोली महागड्या पायावर उभी राहत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका खोलीचं गणित मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा. महिन्याचं भाडं चार हजार धरलं तर वर्षाला ४८ हजार. तीच खोली पर्यटकाला रात्रीला दीड हजाराने दिली आणि दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार मिळून ऐंशी रात्री भरल्या, तर एक लाख वीस हजार. ऑफ सीझनला खोली बंद ठेवली तरी परवडतं. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असतं. पण यातून एवढं नक्की समजा की आज तिसरा-चौथा मजला मिळाला तर तोही याच गणिताने पर्यटकाकडे जाईल. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना जोतं, रचना आणि दर्शनी रूप न बदलता राहत्या घरात होमस्टे करायची मुभा दिली. ती रास्तच आहे, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. पण त्याच काळात पडवीच्या बाजूची जी खोली पूर्वी शिक्षकाला मिळायची ती ‘सी व्ह्यू रूम’ झाली. मजले वाढवून हे उलटत नाही. खोली कुणासाठी आहे हे लेखी बांधून घेतलं तरच उलटतं.

म्हणून ठरावाचा रोख मी असा बदलेन.

पहिली जागा ५०० मीटरच्या रेषेबाहेर शोधा. खाडीकाठीही सीआरझेड आहे, पण तिथलं अंतर बरंच कमी. २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांपैकी जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा रुंदी. गावाची नेमकी रेषा कुठून जाते ते किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या स्थानिक नकाशावर सर्व्हे नंबरनिशी पाहावं लागतं. तोंडी सांगण्यावर जाऊ नका, गावात ही रेषा प्रत्येकाची वेगळी असते. तुमच्या जिल्ह्याला आज कोणत्या अधिसूचनेवरचा आराखडा लागू आहे, हेही किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी घ्या. रेषेबाहेर गेलात की सीआरझेडची उंचीची अट उरत नाही, मग राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणि प्रादेशिक योजना लागते. ग्रामपंचायतीची किंवा सरकारी जागा बहुधा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर असते. सड्यावर पाणी आणावं लागतं, पण शेजाऱ्यांच्या विहिरींचा प्रश्न सुटतो आणि कातळावर पाया स्वस्त पडतो. जागा नक्की करण्याआधी कातळशिल्पं आहेत का ते पाहून घ्या. कुडोपीसारखी शिल्पं आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि पाण्याच्या टाकीसाठी सुरुंग लावल्यावर ती सापडून उपयोग नसतो.

तिथे एक साधी दोन किंवा तीन मजली इमारत उभी करा, सोळा-वीस खोल्यांची. जमीन विकायची नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायची. करारात स्पष्ट लिहायचं की खोली फक्त महिन्याच्या भाड्याने, गावात किंवा शेजारच्या गावांत काम करणाऱ्यालाच, लिव्ह अँड लायसन्स नोंदवून, आणि निवास-न्याहारीसाठी ती कधीही नोंदवायची नाही. पैशांसाठी हॉटेलवाल्यांकडे जा. मुलं टिकत नाहीत ही त्यांची रोजची तक्रार असते. ज्याला दहा मुलं ठेवायचीत त्याने चार खोल्यांची अनामत आधी भरावी आणि खोल्या त्याच्या कामगारांसाठी राखून ठेवाव्यात. नोकरी सुटली म्हणून त्या रात्रीच खोली सोडायला लागू नये, निदान महिनाभराची मुदत करारात हवी. हे कलम विसरू नका, नाहीतर खोली कामगाराला धरून ठेवायचं साधन होते.

दुसरी जागा मालवण शहरात. तुमच्या ग्रामसभेच्या हातात ती नाही, पण प्रश्न गावापुरता नाहीच. तारकर्लीहून मालवण सहा-सात किलोमीटर. मालवण, वेंगुर्ला, देवगड-जामसंडे इथे नागरी स्वराज्य संस्था आहेत, आणि उंचीची बाजू घ्यायची असेल तर मी तिथे घेईन. शहरी सीआरझेड-२ मध्ये पूर्वी एफएसआय १९९१ च्या पातळीवर गोठवलेला होता. २०१९ च्या अधिसूचनेने तो मोकळा केला आणि स्थानिक नियमावलीशी जोडला. शहरात सीआरझेडच्या बाहेरही बरीच जागा आहे. एसटी स्टँडजवळ तळमजला अधिक तीन मजले, पंधरा मीटरच्या आत, म्हणजे राष्ट्रीय इमारत संहितेच्या व्याख्येत ती उंच इमारत ठरत नाही आणि अग्निशमनाचा मोठा खर्च टळतो. प्रधानमंत्री आवास योजना शहरीच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांसाठी वेगळा घटक आहे, तो नागरी भागालाच मिळतो. ग्रामीण आवास योजना स्वतःच्या घरासाठी आहे, तिच्यातून भाड्याच्या खोल्या होत नाहीत. मोठ्या प्रकल्पात वीस टक्के छोटी घरं ठेवायची सक्ती नियमावलीत आहे, पण ती दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. मालवणसारख्या छोट्या शहराला ती लागत नाही, म्हणून नगरपरिषदेने स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या करारात अटी घालायच्या. राहायला शहरात गेलेल्या मुलाची पाळी रात्री अकराला संपते आणि शेवटची एसटी कधीच गेलेली असते. हॉटेलवाल्यांनी मिळून एक गाडी ठरवली नाही तर मालवणातली खोली त्याच्या काही कामाची नाही.

तिसरी जागा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. किती घरं बंद आहेत मोजा. चाकरमान्यांची घरं गणपतीला आणि मेमध्ये उघडतात, बाकी वर्षभर वाळवी. भाड्याने का देत नाहीत विचारलं तर तीन कारणं कानावर येतात: घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर पाच सहहिस्सेदार, भाडोत्री घर बळकावेल ही भीती, आणि गणपतीला घर रिकामं हवं. तिन्हींवर उपाय निघतो. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती गोळा करायचं काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावं, कारण भावाभावांत जे जमत नाही ते सरपंच आणि ग्रामसेवक समोर बसले की पुष्कळदा जमतं. अकरा महिन्यांचा करार नोंदवायचा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. आणि पूर्ण घर द्यायचंच नाही. माजघर, देवघर, खळं मालकाकडे, कुलूप मालकाचं. पडवीच्या बाजूच्या एक-दोन खोल्या, वेगळं दार आणि वेगळा संडास करून, भाड्याने. गणपतीत मालकही घरात आणि सिस्टरही तिच्या खोलीत. जोतं वाढत नाही, मजला वाढत नाही, ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या घरालाही आतली दुरुस्ती करून घेता येते. एका संडासाच्या खर्चात एक खोली मिळते. याहून स्वस्त कामगार निवास मला माहीत नाही, आणि तो वर्षभरात उभा राहू शकतो.

नवीन हॉटेलसाठी ग्रामपंचायतीकडे नाहरकत मागायला कुणी आलं की नकाशासोबत एक कागद मागा: किती कामगार ठेवणार आणि ते झोपणार कुठे. उत्तर ‘टेरेसवर’ असेल तर ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, किनाऱ्याच्या ५०० मीटरमध्ये उंची मागू नका, ती मिळणारही नाही आणि मिळाली तरी खोली कामगाराकडे जाणार नाही. उंची शहरात मागा, अटींसकट. गावात रेषेबाहेरची जागा आणि बंद घरं यांवर ठराव करा.

माझं मत बदलू शकेल अशा दोन गोष्टी आहेत. गावाची घनता खरंच २१६१ च्या वर असेल तर ना-विकास क्षेत्राचं गणित वेगळं होतं. आणि आराखड्यात भरती रेषा चुकीची दाखवली असेल, जे काही ठिकाणी निघालंय, तर आधी हरकत नोंदवून ती दुरुस्त करून घ्यावी लागेल. त्यामुळे ग्रामसभेआधी तलाठ्याकडून गावचा नकाशा, किनारा आराखड्याचा स्थानिक नकाशा आणि बंद घरांची वाडीवार यादी एवढं काढून ठेवा. ग्रामपंचायतीच्या नावावरच्या जागांचे सर्व्हे नंबर इथेच कळवलेत तर रेषेबाहेर कोणत्या बसतात ते मी पाहून सांगतो, म्हणजे ठरावात जागेचं नाव घालता येईल.